भोंग्यावर घेतलेलं नाव

मुरुमच्या चावडीवर पंचायतीचा रेडिओ आला तेव्हा मी वीस वर्षांचा होतो, आणि हळू बोलायची सवय लागून मला बारा वर्षं झाली होती. आमच्या घरात भांडंसुद्धा आवाज न करता ठेवत. मी आणि अम्मा, दोघंच माणसं. ती शेजारपाजारच्यांची शिलाई करायची, आणि मशीनच्या आवाजात रस्त्यावरचं काही ऐकू येत नाही म्हणून मधेच पाय थांबवून कानोसा घ्यायची. मीही तिच्याबरोबर कानोसा घ्यायचो. कशाचा, ते दोघांनाही नीट सांगता आलं नसतं.

सांगता आलं असतं, खरं तर. अब्बा निजामाच्या तहसिलीत नकला उतरवणारे कारकून होते. अठ्ठेचाळीसची पोलीस ॲक्शन झाली त्या पावसाळ्याच्या शेवटी ते तालुक्याहून घरी यायला पायी निघाले आणि पोचले नाहीत. त्यांनी हातात कधी काठी धरली नव्हती, पण अंगात शेरवानी होती, डोक्यावर लाल टोपी होती, आणि त्या दिवसांत माणूस टोपीवरून ओळखला जात होता. कुणी म्हणालं ते पाकिस्तानात गेले, कुणी म्हणालं रझाकारांबरोबर पळाले, कुणी काहीच म्हणालं नाही आणि नुसतं आमच्याकडं बघितलं. पोलीस दोनदा चौकशीला आले. अम्मानं पडद्याआडून दोन्ही वेळा सांगितलं की ठाऊक नाही. ते खरंच होतं. तेव्हापासून अब्बांचं नाव आमच्या घरात मोठ्यानं घेतलं गेलं नाही. तिच्या गळ्यातला काळ्या मण्यांचा लच्छा मात्र तसाच होता. आमच्यात नवरा असेतो बाई लच्छा घालते.

मराठीत म्हण आहे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. आमच्यात ब्रह्मराक्षस नसतो, पण माझ्या पाठीमागे तो जातधर्म न विचारता लागलेला होता.

रेडिओ कसला, लाकडी कपाटच होतं ते. बॅटरीवर चालायचं. चावडीच्या माळवदावर भोंगा बांधलेला, आणि आत टेबलावर बोलायचं यंत्र. रोज दिवस मावळताना स्टेशनचा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम लागे. त्याआधी पाव तास गावाचा. कुणाची म्हैस कोंडवाड्यात आहे, देवीची लस टोचायला डॉक्टर कधी येणार, बाजारात तुरीला काय भाव निघाला, आणि शेवटी एक हकीकत. हकीकत म्हणजे गावात किंवा शिवारात घडलेली एखादी गोष्ट, कुणीतरी जाऊन, बघून, लिहून आणलेली. हे सगळं शाळेतले एक गुरुजी पाहत. ते पुण्याला जाऊन पंधरा दिवस त्याचं शिक्षण घेऊन आले होते आणि आल्यापासून त्यांना एका उमेदवाराची, म्हणजे हाताखाली शिकणाऱ्या पोराची, गरज होती.

उमेदवार म्हणून त्यांनी मला का निवडलं, हे मी त्यांना पुढं कधी विचारलं नाही. मी उर्दूत शिकायला लागलो होतो, मधेच शाळा मराठी झाली आणि मी तसाच मराठीत मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. गुरुजी स्वतः आमच्या दारात आले. अम्मानं पडद्याआडून नको म्हणून सांगितलं. गुरुजी म्हणाले, पोरगं किती दिवस कोंडून ठेवणार? त्यावर तिच्याकडं उत्तर नव्हतं. मला मनातून वाटत होतं, असावं.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा निराळी होती. पहिले आठ दिवस त्यांनी मला यंत्राजवळ येऊच दिलं नाही. चावडीच्या मागं एक रिकामा रांजण होता. त्यात तोंड घालून मोठ्यानं वाचायला लावलं, म्हणजे स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येतो. मला बारा वर्षांत माझा आवाज ऐकू आला नव्हता. तो अगदी अब्बांसारखा होता, आणि पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी घाबरून डोकं बाहेर काढलं. चावडीचा कोतवाल कट्ट्यावर बसून पोट धरून हसत होता. वेळ मोजायचं घड्याळही तोच होता. त्यानं विडी पेटवली की हकीकत सुरू करायची आणि त्यानं थोटूक फेकायच्या आत संपवायची.

मी मराठी मजकूर उर्दू अक्षरांत उतरवायचो, कारण घाईत हाताला अब्बांनी गिरवून घेतलेली वळणंच येत. कागद छातीशी धरायचो, कुणी बघू नये म्हणून. एकदा गुरुजींनी तो हातातून काढून घेतला, उलटा धरला, सुलटा धरला आणि परत दिला. म्हणाले, भोंग्याला अक्षर दिसत नाही. त्या दिवसापासून मला गुरुजी आवडायला लागले, पण भीती काही गेली नाही.

त्यांचे नियम मोजके होते आणि ते मोडलेले त्यांना खपत नसत. "असं म्हणतात" हे शब्द हकीकतीत यायचे नाहीत. आपण पाहिलं असेल तर सांगायचं, दुसऱ्यानं पाहिलं असेल तर त्याचं नाव घ्यायचं, कुणीच पाहिलं नसेल तर गप्प बसायचं. हकीकत संपली की सांगणाऱ्यानं आपलं पूर्ण नाव बापासकट घ्यायचं, आणि मग रोजची एकच ओळ म्हणायची: "याहून वेगळं कुणी पाहिलं असेल त्यानं चावडीवर यावं." चूक निघाली तर दुसऱ्या दिवशी त्याच भोंग्यावर, त्याच वेळी, आधी चूक सांगायची. ही सगळी कलमं मी रोज जेवताना अम्माला म्हणून दाखवायचो. ती ऐकून घ्यायची. एका कलमापाशी मात्र ती जेवायची थांबली.

"तुझं नाव घे," ती म्हणाली. "त्यांचं नको."

घरात आम्ही दखनी बोलत असू, मी ते इथं मराठीत लिहितो आहे. तिचं म्हणणं मला पटत होतं. मुरुमच्या बाजाराला दहा-वीस गावं लोटत. त्यातल्या कुणाला ते नाव ऐकून काय आठवेल, कुणाचं जुनं वैर जागं होईल, पोलिसांच्या कुठल्या बस्त्यात ते नाव अजून बांधलेलं असेल, काही सांगता येत नव्हतं. मी गुरुजींना विचारलं की नुसतं माझं नाव चालेल का. ते म्हणाले, बापाचं नाव नसलेली हकीकत मी लावत नाही, ज्याला पाठीमागं कुणी नाही त्याचं लोक खरं धरत नाहीत. घरी येऊन मी अम्माला खोटंच सांगितलं की चालेल म्हणाले.

माझी पहिली हकीकत लोहाराची होती. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवतात ते मी लहानपणापासून जाता-येता पाहिलं होतं, आणि कधीच पाहिलं नव्हतं. गुरुजींनी सकाळपासून तिथं बसवलं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत धाव लाल होईस्तोवर ठेवायची, मग चौघांनी सांडशींनी उचलून लाकडी चाकावर बसवायची, लाकूड पेट घ्यायला लागतं तोच घागरी ओतायच्या. धाव आवळते आणि चाकाचे आरे करकरतात. लोहाराची म्हातारी बायको त्या करकरीवरूनच सांगायची की बसली की नाही बसली. मी ते सगळं लिहिलं, सात वेळा रांजणात वाचलं, आणि बाजाराच्या दिवशी संध्याकाळी यंत्रापुढं जाऊन बसलो.

चावडीपुढं माणूस मावत नव्हता. बाजार उरकून परत निघालेल्या गाड्या भोंग्यासाठी थांबलेल्या होत्या. कोतवालानं विडी पेटवली. पहिल्या ओळीला माझा आवाज फाटला, मग लागला. म्हातारीच्या कानाची गोष्ट आली तेव्हा लोक हसले, आणि मला क्षणभर असं वाटलं की हे मला जमतंय. मग मी वर बघितलं. समोर कट्ट्यावर ठाण्यात नवा आलेला जमादार मांडी घालून बसला होता आणि सरळ माझ्याकडं बघत होता.

शेवटची ओळ राहिली होती. आमच्याकडं जुन्या कागदांत "अमुक वल्द तमुक" असं लिहीत, म्हणजे तमुकचा मुलगा. बाप वारलेला असेल तर त्याच्या नावाआधी "मरहूम" लावत. माझ्या कागदावर फक्त "वल्द" होतं. पण जमादाराकडं बघताना माझ्या मनात एकच गोष्ट आली: जिवंत माणसाची चौकशी होते, मेलेल्याची कोण करतो? माझं नाव घेतलं, वल्द म्हणालो, आणि कागदावर नसलेला शब्द तोंडातून गेला. मरहूम. मग अब्बांचं नाव, मोठ्यानं, भोंग्यावर, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं. नंतर रोजची ओळही म्हणालो.

काहीही झालं नाही. गुरुजींनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि स्टेशन लावलं. जमादारानं जांभई देऊन शेजारच्याकडं चुना मागितला. मला इतकं हलकं वाटलं की घरी जाताना मी वाटेत शेंगा घेतल्या.

दार उघडंच होतं. अम्मा मशीनपाशी नव्हती, खाली भिंतीला टेकून बसली होती. हातात एकही बांगडी नव्हती. काचा तिनं गोळा करून सुपात ठेवल्या होत्या. मनगटाला थोडं रक्त होतं. लच्छा अजून गळ्यात होता, पण दोन्ही मुठींत धरलेला होता.

"खबर कुणी आणली?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, कुणी नाही.

"मग तू पाहिलंस?"

मी शेंगांची पुडी खाली ठेवली.

"रोज जेवताना सांगतोस ना, पाहिल्याशिवाय भोंग्यावर सांगायचं नाही म्हणून. तू पाहिलंस का त्यांना?"

"नाही."

"मग का मारलंस?"

ती रडत नव्हती. मी जमादाराचं सांगितलं, घाबरलो म्हणून सांगितलं, पाय धरले. तिनं पाय ओढून घेतले नाहीत आणि हातही लावला नाही. बारा वर्षं ह्या बाईनं एक माणूस नुसत्या गप्प बसण्यानं जिवंत ठेवला होता, आणि मी त्याला एका शब्दात संपवलं, तेही माझी चामडी वाचावी म्हणून. मला त्या वेळी स्वतःची किळस आली. अजूनही येते.

सकाळी उठून गुरुजींकडं गेलो. त्यांना सगळं सांगितलं, अब्बांचंही, जे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ते रागावले नाहीत. चूक भोंग्यावर झाली तर भोंग्यावरच निस्तरायची, एवढंच म्हणाले. मी विनवलं की तुम्ही वाचा. ते म्हणाले, नाव तुझं आहे. मी म्हणालो, जमादार असेल. ते म्हणाले, असू दे. मग थोड्या वेळानं हळूच म्हणाले की मी तुझ्या शेजारी उभा राहीन.

ते राहिले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जमादार होता. कोतवालानं त्या दिवशी विडी पेटवलीच नाही.

"काल मी माझ्या वडिलांना मरहूम म्हणालो," मी म्हणालो. "ते चुकीचं होतं. मी त्यांना मेलेलं पाहिलेलं नाही. ते बारा वर्षांपूर्वी घरी यायला निघाले आणि आले नाहीत. मी एवढंच जाणतो." मग माझं नाव, वल्द, अब्बांचं नाव. आणि मग ती ओळ, जी मी रोज गुरुजींच्या तोंडून ऐकत होतो आणि जिचा अर्थ मला तोंडातून निघून गेल्यावर कळला. याहून वेगळं कुणी पाहिलं असेल त्यानं चावडीवर यावं.

अम्मानं दुसऱ्या दिवशी मन्यारणीला बोलावून हातभर नव्या बांगड्या भरल्या. माझ्याशी बोलायला लागली, पण कमी. जमादारानं मला एकदा रस्त्यात थांबवून विचारलं की वडील कुठल्या वाटेनं येत होते. सांगितलं तर नुसती मान हलवून गेला. मला भीती होती त्यातलं काहीच घडत नव्हतं, तरी माझी झोप गेली होती. दर बाजारी मी हकीकत सांगायचो, कधी कापड रंगवणारा निळारी, कधी कोंडवाडा, कधी विहिरीची मोट, आणि शेवटची ओळ म्हटली की मान खाली घालून बसायचो. कुणी येऊ नये असं मनोमन म्हणायचो. येणारा काय घेऊन येईल ते मला माहीत होतं. चांगली खबर बारा वर्षं वाट बघत नाही.

तिसऱ्या की चौथ्या बाजारी दुपारीच एक म्हातारा शेतकरी आला. तालुक्याच्या वाटेवरच्या एका गावचा होता, मिरच्या विकायला आलेला. रिकामं पोतं खांद्यावर टाकून तो बराच वेळ चावडीच्या पायरीशी उभा राहिला, मग गुरुजींना विचारलं, बापाचं बोलला त्यो पोरगा कोन. गुरुजींनी मला दाखवलं.

"लाल टोपी व्हती का?" त्यानं मला विचारलं.

मी होय म्हणून मान हलवली.

"खिशात दौत व्हती का?"

अब्बा दौत बरोबर घेऊनच फिरत. कचेरीतली शाई पातळ असते म्हणत.

"म्या न्हाय मारलं," तो म्हणाला. "आदी येवढं ऐक. म्या न्हाय मारलं."

गुरुजींनी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि सवयीनं म्हणाले की बाबा, हे तुम्हीच भोंग्यावर सांगा, पाहणाऱ्यानं सांगावं. म्हातारा उठून उभा राहिला. त्यानं माझ्यासारखाच रस्त्याचा कानोसा घेतला. भोंग्यावर न्हाय, म्हणाला, त्येंच्या दारात सांगतो. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की बारा वर्षं कानोसा घेत बसलेलं घर आमचं एकटंच नव्हतं.

मी त्याला घरी नेलं. अम्मा पडद्याआड बसली. तो ओट्यावर टेकला, पागोटं काढून मांडीवर ठेवलं, आणि जमिनीकडं बघत सांगितलं. सकाळी ज्वारीत गेला तर बांधाच्या कडेला माणूस पडलेला. डोक्याला मार. कुणी मारलं ते त्यानं पाहिलेलं नव्हतं. दौत फुटून शेरवानी सगळी निळी झालेली. पाणी मागितलं, त्यानं पाजलं. दुपारपर्यंत होते, मग गेले. कुणाला सांगावं तर त्याच्यावरच आलं असतं, नाहीतर मारणारे परत आले असते. त्यानं आणि त्याच्या भावानं तिथंच बाभळीखाली माती दिली. तेवढी जागा त्यानं पुन्हा कधी नांगरली नाही, आणि का नांगरत नाही हे घरात मुलांनाही सांगितलं नाही.

सांगून झालं. म्हातारा घाबरून माझ्याकडं बघायला लागला.

"तोंड कुणीकडं केलं होतं?" अम्मानं विचारलं. ती परक्या पुरुषाशी एवढं सरळ बोललेली मी कधी ऐकली नव्हती.

"मावळतीकडं, भाबी," म्हातारा म्हणाला. "बाकीचं तुमचं काय आमाला येत न्हाय. पर तुमची मानसं तिकडं तोंड करून नमाज पढत्यात, येवढं ठावं व्हतं."

मणी जमिनीवर पडले ते मी ऐकलं. काही घरंगळत पडद्याखालून बाहेर आले आणि म्हाताऱ्याच्या पायापाशी थांबले. त्यानं ते एकेक करून उचलले आणि माझ्या हातावर ठेवले.

तो गेल्यावर मी आत गेलो. अम्मानं डोक्यावर पांढरी ओढणी घेतली होती. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, आज नाव घेशील तेव्हा बरोबर घे. मी म्हणालो, अम्मा, मी पाहिलेलं नाही. ती म्हणाली, त्यानं पाहिलंय.

संध्याकाळी मी चावडीवर गेलो. हकीकत कशाची होती ते आज आठवत नाही, कोतवालाची विडी संपायच्या आत संपली एवढं आठवतं. माझं नाव घेतलं. वल्द मरहूम म्हणालो, आणि अब्बांचं नाव घेतलं. आवाज कापला नाही. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. मग मी रोजची ओळ म्हणालो, याहून वेगळं कुणी पाहिलं असेल त्यानं चावडीवर यावं.

दर बाजारी ती ओळ म्हटल्यावर कुणी येऊ नये म्हणून मी जीव मुठीत धरून बसायचो. त्या दिवशी स्टेशनचा कार्यक्रम संपला, गाड्या गेल्या, गुरुजींनी कपाटाला कुलूप लावलं, तरी मी पायरीवर बसून राहिलो, कुणी येतंय का ते बघत.